परक्यांचे नगर

'नगरला पाहण्यासारखे आहे तरी काय हो?' पुण्यात राहायला आल्यापासून गेली चाळीस वर्षे हा प्रश्न मी ऐकत आलो आहे. पुणेकरांच्या लेखी नगर म्हणजे शिर्डीला किंवा संभाजीनगरला जाताना लागणारे, चहापुरते उतरायचे गाव. माझा जन्म नगरचा, बालपण भिंगारचे. पहाटे कोंबड्याऐवजी लष्कराच्या बिगुलाने जाग येण्याची सवय असलेला मी माणूस. त्यामुळे या प्रश्नावर मी पूर्वी वाद घालीत असे. वय झाले तसा वाद सोडला आणि माणसांना सरळ बरोबर घेऊन जाऊ लागलो. यंदाच्या दिवाळीत ज्याला घेऊन गेलो तो पाहुणा मात्र वेगळा होता. तो माझा नातू. वय वर्षे सतरा. पासपोर्ट जर्मनीचा.

हा आमच्या मुलीचा मुलगा. मुलीचा जन्म नगरचा, शिक्षण पुण्याचे आणि संसार जर्मनीतला. जावई तिकडचेच. मोठा सज्जन माणूस. चकलीसुद्धा काट्याचमच्याने खाता येईल का, याचा पहिल्या दिवाळीत त्यांनी मनापासून प्रयत्न केला होता. नातवाचे मराठी त्याच्या आईसारखे, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या पुण्यातले. उंची मात्र बापाची. तिकडे तो एका क्लबाच्या मुलांच्या संघात फुटबॉल खेळतो. नरकचतुर्दशीच्या सकाळी फराळाला बसल्यावर करंजीचा तुकडा मोडता मोडता त्याने विचारले, "आजोबा, मी भारताकडून खेळू शकतो का?"

"न खेळायला काय झालं?" आमच्या मंडळींनी माझ्याआधी निकाल देऊन टाकला. "तू आमचा नातू ना?"

आजीच्या दरबारात प्रश्न तिथेच मिटला. पण सरकारदरबारी नाती अशी मोजली जात नाहीत. आपल्या घटनेला आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याला एका वेळी दोन देशांचे नागरिकत्व मान्य नाही. परदेशी गेलेल्यांच्या मुलाबाळांसाठी २००५ पासून 'ओसीआय' नावाचे कार्ड मिळते. ते असले की येण्याजाण्याला आणि राहायला अडचण नाही. पण २००८ च्या डिसेंबरात क्रीडाखात्याने ठरविले की, भारताच्या संघातून खेळायचे तर भारताचाच पासपोर्ट हवा. कार्ड चालणार नाही. जर्मनीने २०२४ पासून आपल्या नागरिकांना दुसरे नागरिकत्व ठेवायची मोकळीक दिली खरी, पण टाळी एका हाताने वाजत नाही. म्हणजे आमच्या नातवाला भारताकडून खेळायचे तर जर्मनीचा पासपोर्ट परत करायला हवा. मधली वाट नाही.

"असं कोणी केलंय?" त्याने विचारले.

मग मी त्याला अराता इझुमीची गोष्ट सांगितली. पुण्याच्या वाचकांपैकी ज्यांनी बालेवाडीच्या मैदानाची पायरी चढली असेल, त्यांना हे नाव आठवत असेल. इझुमीचा जन्म ३१ जुलै १९८२ चा, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. आई जपानी, वडील गुजराती. जपानातल्या आणि सिंगापूरमधल्या छोट्या संघांतून खेळत तो २००६ साली कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे आला. तिथून मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे, आणि २००९ मध्ये पुणे एफ्. सी. कडे. गोल मारून आभाळाकडे हात करणाऱ्या जातीचा हा खेळाडू नव्हे. मधल्या फळीत धावावे, जागा हेरावी, चेंडू नेमका पोचवावा आणि पुन्हा धावावे, असा त्याचा खाक्या. रंगमंचावरच्या नायकापेक्षा प्रॉम्प्टरशी जवळचे काम. तो आजारी पडल्यावर त्याचे महत्त्व कळते.

भारतात तो परदेशी खेळाडू म्हणून आला, परदेशी म्हणूनच वर्षानुवर्षे खेळला. प्रेक्षकांना त्याच्या चेहऱ्यात जपान दिसे, कागदावरही जपानच होते. वडिलांचा देश फक्त त्यालाच दिसत होता. शेवटी त्याने जपानचे नागरिकत्व सोडले आणि भारताचे घेतले. नीळकंठ खंभोळजा हे त्याचे भारतीय नाव. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोचीला पॅलेस्टाइनविरुद्धच्या सामन्यात तो भारताच्या निळ्या सदऱ्यात उतरला. भारत तो सामना २–४ असा हरला. इझुमी तेव्हा तीस वर्षांचा होता; फुटबॉलच्या हिशेबात दुपार उलटून गेली होती. देशाकडून त्याला खेळायला मिळाले ते मोजकेच सामने.

पुढे काय? पुढे पुन्हा बिऱ्हाडे. २०१५ मध्ये कलकत्ता, मग पुण्याचा दुसरा संघ, मग केरळ, मग मणिपूरचा नेरोका. गंमत म्हणजे त्याने सोडलेली बिऱ्हाडेसुद्धा राहिली नाहीत. महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला. २०१२–१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आलेला पुणे एफ्. सी. काही वर्षांत विस्कटला. एफ्. सी. पुणे सिटीनेही २०१९ मध्ये गाशा गुंडाळला. ज्या मैदानांवर नाव झाले त्यांतल्या निम्म्या संघांच्या पाट्या उतरल्या. खेळाडूने घेतलेला पासपोर्ट तेवढा टिकला. खेळणे थांबल्यावर तो इथेच मुलांना शिकवू लागला.

नातवाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मोजक्या मॅचेससाठी देश सोडला?"

"सोडला म्हण किंवा घेतला म्हण," मी म्हणालो. पण माझे मलाच उत्तर पटले नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला नगरला घेऊन निघालो.

पुण्याहून नगर सव्वाशे किलोमीटरांच्या आतच. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव असे करीत एस्. टी. शिरूरला आली की घोड नदी लागते. नदी ओलांडली की नगर जिल्हा. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा. पावसाने मात्र याच्यावर कधी मेहेरबानी केली नाही. सुप्याच्या माळावर हिरवळ संपून करडे रान सुरू होते आणि माझ्या छातीत उगीचच काहीतरी हलते. ज्याला त्याला आपल्या रुक्ष मुलखाचेही प्रेम असते, हे नातवाला कसे सांगावे? तो खिडकीतून पाहत होता. "इथे जागा किती आहे!" एवढेच म्हणाला. मला ते पुरले.

जिल्ह्याच्या पाटीवर आता अहिल्यानगर असे नाव आहे. २०२४ साली ते बदलले. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ चा, याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा. माझ्या जन्मदाखल्यावर अहमदनगर, नव्या पत्त्यावर अहिल्यानगर. नातू म्हणाला, "म्हणजे तुमचीसुद्धा दोन नावं!" पोराच्या हे बरोबर ध्यानात आले. त्यातही गंमत अशी की अहिल्याबाईंनी राज्य केले ते नर्मदेकाठी महेश्वरला. नगरने माणसे जन्माला घालावी आणि दुसऱ्या गावाने त्यांना नावारूपाला आणावे, ही इथली जुनीच रीत. श्रीरामपूरला जन्मलेला झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे हे त्यातले अलीकडचे.

आधी गेलो भुईकोट किल्ल्यावर. किल्ला लष्कराच्या ताब्यात. दाराशी वही असते, ओळखपत्र पाहतात. त्यात आमच्याजवळ परदेशी पासपोर्ट, म्हणून विचारपूस आधीच करून ठेवली होती. पहाऱ्यावरच्या जवानाने वही पुढे केली. नाव, गाव, राष्ट्रीयत्व, सही. नातवाने नाव लिहिले आणि पेन थांबले.

"आजोबा, इथे काय लिहू?"

"पासपोर्टावर असेल ते," मी म्हणालो. दुसरे काय सांगणार? त्याने लिहिले. मग मागे जाऊन 'गाव'च्या रकान्यात त्याने ठळक अक्षरांत 'नगर' लिहिले. आईचे गाव. जवानाने वही फिरवून पाहिली, एकदा मुलाच्या तोंडाकडे पाहिले आणि काही न बोलता आत सोडले. त्या माणसाचे मी मनातल्या मनात आभार मानले.

खंदकावरून आत जाताना मी त्याला म्हणालो, "या किल्ल्यात येणारा तू पहिला जर्मन नव्हेस." आणि हे अगदी खरे आहे. बोअर युद्धात पकडलेले कैदी दक्षिण आफ्रिकेतून थेट नगरला आणून ठेवले होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना नगरच्याच छावणीत डांबले. १९३९ साली दुसरे युद्ध पेटले तेव्हा नंगा पर्बतच्या मोहिमेवर आलेला हाइन्रिख हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक पकडला गेला, त्याचीही रवानगी सुरुवातीला इथेच झाली. पुढे डेहराडूनच्या छावणीतून तो १९४४ मध्ये निसटला आणि तिबेटात जाऊन पोचला. या साऱ्या लोकांचा गुन्हा काय? पासपोर्ट. चार दिवसांपूर्वी जो शेजारी, डॉक्टर किंवा पाद्री होता, तो रातोरात शत्रू ठरला. राष्ट्रीयत्वाच्या एका रकान्यात केवढे सामर्थ्य असते!

नेहरूंची खोली आपण सगळे पाहतो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीला इथे आणून ठेवले आणि याच भिंतींच्या आत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले गेले, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण मला तिथे गेल्यावर आठवण होते ती मौलाना आझादांची. त्यांचा जन्म १८८८ चा, मक्केतला. आई अरब, वडील हिंदुस्थानचे. म्हणजे आमच्या नातवाच्याच बिरादरीतले! हा मक्केत जन्मलेला माणूस त्या वेळी काँग्रेसचा अध्यक्ष होता. तुरुंगात असताना कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम आजारी पडल्या. भेटीसाठी सरकारकडे अर्ज करावा असे सुचविले गेले, पण मौलानांनी विनंती करायचे नाकारले. १९४३ च्या एप्रिलमध्ये बेगम गेल्या. भेट झाली नाही. 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे त्यांनी इथेच लिहिली. हे सांगताना माझा आवाज थोडा कापरा झाला असावा. नातू बराच वेळ त्या बंद खोल्यांकडे पाहत उभा राहिला. देश 'घेणे' म्हणजे काय, याचे उत्तर फराळाच्या ताटावर मला देता आले नव्हते. ते किल्ल्याने दिले.

या नगराची कुंडलीच मुळी परक्यांची. १४९० मध्ये भिंगारजवळ बहामनी फौजेला हरवून मलिक अहमदने निजामशाही उभारली आणि १४९४ साली हे शहर वसविले. त्याचा बाप विजयनगरच्या मुलखातून पकडून आणलेला ब्राह्मणाचा पोर होता, असे फेरिश्ता लिहितो. आणि या निजामशाहीला अखेरच्या काळात तारून धरणारा कोण? मलिक अंबर. मूळचा अबिसीनियाचा. लहानपणी विकला गेला, पार बगदादच्या बाजारापर्यंत पोचला, आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतल्यावर दख्खनेत आला. धनी वारल्यावर मोकळा झाला, विजापूरकरांकडे शिपाईगिरी केली, पुन्हा निजामशाहीत परतला. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यानेही संघ पुष्कळ बदलले. पण एकदा निजामशाही आपली म्हटल्यावर दिल्लीच्या बादशहाला त्याने शेवटपर्यंत सुखाची झोप दिली नाही. १६२४ साली नगरजवळ भातवडीला मोगल आणि विजापूरकर यांच्या संयुक्त फौजेचा त्याने फडशा पाडला. तलाव फोडून शत्रूच्या तळात पाणी सोडले, असे सांगतात. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. ज्या विजापूरचे मीठ खाल्ले, त्याच विजापूरला त्याने पाणी पाजले. नातवाला हे फार आवडले. "जुन्या क्लबाविरुद्ध गोल!" तो म्हणाला.

सगळ्यांनाच असा ठाव मिळतो असे मात्र नाही. १६ एप्रिल १९१८ रोजी नगरच्या लष्करात एका आयरिश शिपाईगड्याच्या घरी मूल जन्मले. बाप आयर्लंडचा, आई इंग्लंडची, पाळणा नगरचा. तोच पुढे विलायतेत गाजलेला विनोदी नट आणि लेखक स्पाइक मिलिगन. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश तोफखान्यात लढला, जखमी झाला. आणि साऱ्या इंग्लंडला हसविणाऱ्या या माणसाला १९६२ च्या कायद्यानंतर असे कळले की, जन्म हिंदुस्थानचा आणि बाप आयरिश म्हणून त्याचे ब्रिटिशपण पक्के नाही. नव्याने राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागेल. ज्या देशासाठी रक्त सांडले त्याला पुन्हा शपथ कसली द्यायची? त्याने नकार दिला आणि आयर्लंडचा पासपोर्ट घेतला. २००२ मध्ये तो वारला. थडग्यावर आयरिश भाषेत कोरविलेला मजकूर असा की, मी आजारी आहे असे तुम्हाला सांगितले होतेच! नगरच्या पाण्याचा तिरकसपणा त्याच्यात कुठूनतरी उतरला असणार, असे आम्ही नगरकर अभिमानाने मानतो.

परतताना सलाबतखानाची कबर पाहावी असा बेत होता. शाह डोंगरावरची ही अष्टकोनी, तीन मजली वास्तू साऱ्या तालुक्यातून दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही, पण किल्ला झुंजविणाऱ्या त्या शूर बाईवर लोकांनी एवढी माया केली की दुसऱ्याची कबरसुद्धा तिला देऊन टाकली. डोंगरावर मात्र पोचलो नाही, कारण भिंगारच्या मैदानावर पोरांचा फुटबॉल चालला होता.

नातू काठावर उभा राहिला. पाच मिनिटांत हाक आली, "ए दादा, खेळतो का? एक गडी कमीय आमचा!" मी दगडावर बसलो. याच मैदानाच्या आसपास साठ वर्षांपूर्वी मी अनवाणी पायांनी खेळलो होतो. पोरे नातवाला आधी 'दादा' म्हणत होती. दहा मिनिटांनी नाव-गाव विचारून झाल्यावर 'ए जर्मन, इकडं दे की!' असा पुकारा सुरू झाला. त्यात चेष्टा होती, पण दुजाभाव नव्हता. आमच्या वेळी चष्मेवाल्याला 'ढापण्या' म्हणत, तसेच हे. अर्ध्या खेळात दुसऱ्या बाजूच्या एका मुलाला घरून बोलावणे आले. आता तिकडे एक कमी. बराच वाद होऊन असे ठरले की, उरलेला वेळ जर्मनने तिकडून खेळावे. आणि तो मुकाट्याने तिकडे गेला. एवढाच न्याय जर मोठ्यांच्या जगात असता!

अंधार पडल्यावर घामाने आणि धुळीने माखलेला तो माझ्याजवळ येऊन बसला. मोबाइलवर त्याने एक नाव शोधून काढले होते. रायन विल्यम्स. हा ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ, फुलहॅम, बार्न्सली, रॉदरहॅम असे मुक्काम करीत तो २०२३ साली बेंगळुरूला आला. आई मुंबईची, आजोबा १९५० च्या दशकात संतोष करंडकात मुंबईकडून खेळलेले. ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीचा सामना खेळलेल्या या गड्याने तो पासपोर्ट सोडला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात भारताचे नागरिकत्व घेतले. इझुमीनंतर असे करणारा तोच पहिला.

"बारा वर्षांत दोघंच," नातू म्हणाला. "बाकीच्यांना भारत नको होता?"

"तसं नव्हे," मी म्हणालो. "इंग्लंडचा मायकल चोप्रा, बाप भारतीय, त्यानंही विचार केला होता, पण पासपोर्ट सोडला नाही. त्याला वाईट म्हणायचं काय कारण? घर, आई, पोटापाण्याचा उद्योग तिकडेच. ज्यानं सोडला तो मोठा, पण ज्यानं ठेवला तो काही लहान नव्हे."

खरे सांगायचे तर हे वाक्य मला जड गेले. आपला नातू भारताच्या निळ्या सदऱ्यात पाहायला कुणाला आवडणार नाही? फराळाच्या वेळेपासून मी मनात ते चित्र रंगवीत होतो. पण त्या चित्रात तिकडच्या आजीची खुर्ची रिकामी होती. तीही त्याला आपल्या देशाच्या सदऱ्यात पाहत असणारच. सतरा वर्षांच्या पोराला दोन आज्यांपैकी एक निवडायला लावणारा मी कोण?

"आजोबा, आत्ता ठरवायलाच पाहिजे का?"

"मुळीच नाही. इझुमीनं तिशीत ठरवलं."

तो हसला. पलीकडे भिंगारच्या घरांवर आकाशकंदील लागले होते. कुठेतरी फटाक्याची माळ तडतडली. मैदानावरून घरी निघालेल्या पोरांतला एकजण लांबूनच ओरडला, "ए जर्मन, उद्या पाचला ये! आपल्याकडून खेळ!"

"येतो!" नातवाने ओरडून सांगितले. आमचे परतीचे तिकीट दुसऱ्या दिवशी सकाळचे होते. मी ते मुकाट्याने बदलून घेतले.